प्राचीन गोवा आणि संगणक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळा-कॉलेजांत, वाचनालयांत आणि कधी देवळाच्या सभामंडपात या विषयावर बोलणं झालं की तेच प्रश्न फिरून येतात. विचारणारे कधी इतिहासाचे विद्यार्थी असतात, कधी निवृत्त मास्तर, कधी देवस्थानाचे महाजन, तर कधी कॉम्प्युटर सायन्स शिकणारी आणि इतिहासाची आवड घरात कोणालाच न पटलेली मुलं. त्यांच्यासाठी ही उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत.

प्राचीन इतिहासात संगणकाचं काम ते काय?

मुख्य कामं तीन. डोळ्याला दिसत नाही ते दिसतं करणं, एका माणसाला आयुष्यात मोजून संपणार नाही ते मोजणं, आणि हजारो नोंदी एकमेकींशी ताडून पाहणं. झिजलेला कोरीव लेख, काळवंडलेला ताम्रपट, समुद्राखाली गेलेला बंदराचा धक्का, लाखो श्लोकांतले शब्द, नाण्यांची वजनं अशा सगळ्या सामग्रीवर ही कामं चालतात. अर्थ मात्र माणसानेच लावायचा असतो, आणि त्यासाठी लिपी, भाषा आणि भूगोल शिकावाच लागतो.

ही गोष्ट नवीनही नाही. रोबेर्तो बुसा या इटालियन जेझुइट पाद्रींनी १९४९ मध्ये आयबीएमच्या मदतीने संत थॉमस अक्वायनस यांच्या लॅटिन लेखनाची शब्दसूची करायला घेतली. तेव्हा माहिती छिद्रं पाडलेल्या पत्त्यांवर साठवायची.

म्हणजे हे परदेशातून आलेलं वेड आहे?

हा प्रश्न गोव्यात विचारला की मला मनापासून वाईट वाटतं, कारण या पद्धतीचा एक मोठा आद्य अभ्यासक आपल्याच भूमीतला. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १९०७ चा, गोव्यातला. ते पेशाने गणिती. वडील धर्मानंद हे पाली आणि बौद्ध धर्माचे पंडित. संगणक कोणाच्या टेबलावर नव्हता त्या काळात, १९४० च्या सुमारास, कोसंबींनी प्राचीन भारतातल्या आहत नाण्यांवर, म्हणजे ठसे मारलेल्या चांदीच्या नाण्यांवर, संख्याशास्त्र लावलं.

त्यांची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. या नाण्यांवर राजाचं नाव नाही, साल नाही. समोरच्या बाजूला पाच ठसे, मागच्या बाजूला कधी एक, कधी अनेक बारीक ठसे. मग कोणतं नाणं आधीचं हे ठरवायचं कसं? नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं. एकाच वजनाची म्हणून पाडलेली नाणी जितकी जास्त वर्षं बाजारात राहतील तितकं त्यांचं सरासरी वजन घटेल. शिवाय सगळी सारखी झिजत नाहीत, म्हणून वजनांतली तफावत वाढत जाईल. एका साठ्यातली नाणी समोरच्या ठशांनुसार गटांत मांडायची, प्रत्येक गटाचं सरासरी वजन काढायचं, आणि हलके गट जुने, जड गट नवे असा क्रम लावायचा. तक्षशिलेला सापडलेल्या साठ्यांवर त्यांनी हे करून पाहिलं. मागच्या ठशांची संख्या वाढते तसं वजन कमी होत जातं हेही त्यांना दिसलं, म्हणजे ते ठसे नाणं चलनात असताना वेळोवेळी मारले गेले असावेत. नाणी खरोखर अशीच झिजतात का हे तपासायला त्यांनी आपल्या काळातली चलनी नाणीसुद्धा वजन करून पाहिली.

साधन होतं तराजू, वही आणि गणित. कोसंबींनी आधी नेमका प्रश्न शोधला, मग त्या प्रश्नाला उत्तर देईल अशीच गोष्ट मोजली. आज कोणत्याही विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर ते गणित डोळ्याचं पातं लवण्याआधी होईल, पण प्रश्न सुचायला अजूनही कोसंबी वाचावे लागतात.

आमच्या गावाजवळ कातळशिल्पं आहेत. त्यांची नोंद मोबाईलवर करता येईल का?

येईल, आणि करायलाच हवी. सांगे तालुक्यात कुशावतीच्या काठी उसगाळीमळजवळ पणसायमळला जांभ्या दगडाच्या सपाट कातळावर बैल, हरणं, माणसं आणि तो प्रसिद्ध गोल चक्रव्यूह कोरलेला आहे. स्थानिक लोकांनी वाट दाखवल्यावर १९९३ मध्ये अभ्यासकांचं त्याकडे लक्ष गेलं. कोकणातल्या कातळशिल्पांचा जो समूह २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेला, त्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या जागांबरोबर गोव्याची हीच एक जागा आहे. शिवाय केपे तालुक्यात काजूरला आणि सत्तरीत माऊसलाही कोरीव कातळ आहेत. यातले काही नदीच्या इतके जवळ आहेत की दर पावसाळ्यात पाणी, वाळू आणि शेवाळ त्यांच्यावर फिरतं. म्हणून आजची अचूक नोंद पन्नास वर्षांनी अनमोल ठरेल.

सोपी पद्धत म्हणजे फोटोग्रामेट्री. एकाच वस्तूचे वेगवेगळ्या जागांवरून काढलेले पुष्कळ फोटो सॉफ्टवेअरला दिले की ते त्यांतले समान बिंदू ओळखतं आणि पृष्ठभागाचं त्रिमित मॉडेल उभं करतं. जांभा खडबडीत, छिद्रांचा आणि ठिपक्यांचा असल्यामुळे या कामाला फार चांगला. ओला, चकाकणारा दगड मात्र वाईट.

करताना एवढं पाळा. पाऊस संपून कातळ पुरता वाळला की जा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पालापाचोळा हाताने किंवा मऊ कुंच्याने बाजूला करा, शेवाळ खरवडू नका. आकाश ढगाळ असेल किंवा सगळा कातळ सावलीत असेल ती वेळ निवडा, नाहीतर सरकत्या सावल्या सॉफ्टवेअरला गोंधळात टाकतात. झूम वापरू नका, फोकस आणि उजेडाची मात्रा कायम ठेवा. कॅमेरा कातळाकडे सरळ खाली रोखून एका ओळीत पुढे सरका, मग शेजारची ओळ धरा; प्रत्येक फोटोचा साधारण पाऊण भाग आधीच्या फोटोत आलेला असला पाहिजे. नंतर कडेने फिरून तिरके फोटो घ्या. आणि फोटोत मोजपट्टी हवीच, शक्यतो दोन-तीन ठिकाणी. ती नसली तर मॉडेल देखणं होईल, पण बैल वीतभर आहे की हातभर ते कळणार नाही.

फोटोत कोरीव रेघ दिसतच नाही. मग?

मग उजेड तिरका करा. सकाळी सूर्य नुकताच वर येतो तेव्हा उथळ रेघेची एक कड उजळते, दुसरी काळी होते, आणि दुपारी ज्या कातळावर काहीच नव्हतं तिथे शिंगं, पाय, शेपूट उठून दिसतात.

याच तत्त्वावर आरटीआय (रिफ्लेक्टन्स ट्रान्सफॉर्मेशन इमेजिंग; माहिती अधिकाराशी संबंध नाही) ही पद्धत चालते. एचपी कंपनीच्या प्रयोगशाळेत २००१ मध्ये तिचा पाया घातला गेला. कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवायचा, तो शेवटपर्यंत हलता कामा नये. कोरीव भागाशेजारी एक चकचकीत काळा गोल मणी ठेवायचा. मग अंधारात किंवा ताडपत्रीच्या आडोशात, एका हातात दिवा धरून वेगवेगळ्या दिशांनी आणि उंचींवरून प्रकाश टाकत चाळीस-पन्नास फोटो काढायचे. दिवा दर वेळी सारख्याच अंतरावर राहावा म्हणून दोरी वापरतात. मण्यावर पडलेल्या चमकेच्या ठिपक्यावरून सॉफ्टवेअर उजेडाची दिशा ओळखतं. शेवटी जी फाईल मिळते तिच्यात तुम्ही पडद्यावर बसल्या जागी उजेड हवा तसा फिरवू शकता. कातळशिल्पांइतकीच ही पद्धत ताम्रपट, नाणी आणि वीरगळ यांना लागू पडते. गोव्याच्या कदंब राजांच्या काळातल्या नौकायुद्धाच्या वीरगळांवरचे बारीक तपशील, वल्ही आणि ढाली धरलेली माणसं, अशा उजेडात पाहण्यासारखी आहेत.

रेघा ठळक दिसाव्यात म्हणून खडू लावला तर चालेल?

अजिबात नको. चुना नको, रंग नको, पाणीही ओतू नका. खडूने दगडाचा पृष्ठभाग बिघडतो. त्याहून वाईट म्हणजे खडू लावणाऱ्याला जे दिसलं तेवढंच पुढच्या सगळ्यांना दिसतं. नैसर्गिक चीर कोणीतरी एकदा शेपूट म्हणून रंगवली की ती कायमची शेपूट होते.

कातळशिल्पं किती जुनी आहेत हे संगणक सांगू शकेल का?

नाही. कार्बन १४ ची पद्धत एकेकाळी जिवंत असलेल्या वस्तूंवर चालते: कोळसा, हाड, बी, शिंपला. या कार्बनचा अर्धायुकाल, म्हणजे त्यातला निम्मा नाहीसा व्हायला लागणारा काळ, ५,७३० वर्षांचा, त्यावरून वय काढतात. कोरलेल्या रेघेत असं काहीच नसतं. शेजारच्या थरात कोळसा मिळाला तर त्याचं वय निघेल, पण तो पेटवणारा आणि रेघ कोरणारा एकच होता हे वेगळं सिद्ध करावं लागतं. म्हणून वर्तमानपत्रातले ‘अमुक हजार वर्षांपूर्वीची शिल्पं’ हे मथळे सावधपणे वाचा.

संगणकाची खरी मदत पुढच्या टप्प्यावर होते. प्रयोगशाळेतून येणारा कार्बनचा आकडा म्हणजे थेट साल नव्हे. हवेतल्या कार्बनचं प्रमाण काळानुसार बदलत आलं आहे, त्यामुळे झाडांच्या वर्तुळांवरून तयार केलेल्या आलेखाशी तो आकडा जुळवावा लागतो. ऑक्सफर्डचा ऑक्सकॅल हा प्रोग्राम ते करतो, आणि ‘हा थर त्या थराच्या खाली आहे’ अशी माहिती दिली तर कालमर्यादा आणखी आवळून देतो.

ताम्रपट किंवा शिलालेखाचा फोटो एआयला दिला तर तो वाचून देईल का?

देईल. बरोबर वाचेल याची खात्री नाही. सर्वसाधारण चॅटबॉटला जुन्या दाक्षिणात्य ब्राह्मीतला लेख दाखवला तर तो पुष्कळदा छान, व्याकरणशुद्ध आणि पूर्ण काल्पनिक संस्कृत लिहून देतो. लेख वाचता न येणाऱ्याला ती फसवणूक लक्षातही येत नाही. अशोककालीन ब्राह्मीत ‘ग’ आणि ‘त’ यांच्यात फरक आहे तो डोक्यावरच्या एका उभ्या रेघेचा. दगडाचा तेवढाच कपचा उडाला असेल तर अनुभवी वाचकही थांबतो, मागचा-पुढचा शब्द पाहतो, समकालीन लेख काढतो. ते थांबणं यंत्राला शिकवावं लागतं.

नीट शिकवलं तर फळ मिळतं. गूगलच्या डीपमाइंड या एआय कंपनीने प्राचीन ग्रीक शिलालेखांसाठी केलेल्या ‘इथाका’ या प्रणालीचे निकाल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. तुटलेली अक्षरं भरून काढण्याच्या चाचणीत इतिहासकारांची अचूकता २५ टक्के होती, एकट्या यंत्राची ६२ टक्के, आणि यंत्राच्या सूचना हाताशी घेऊन काम करणाऱ्या इतिहासकारांची ७२ टक्के. मला यातला तिसरा आकडा सर्वांत मोलाचा वाटतो. पण यामागे ग्रीक शिलालेखांची पिढ्यानपिढ्या जमवलेली, टंकित केलेली, खुली सामग्री आहे. गोव्यातल्या भोज, कोकण मौर्य, शिलाहार आणि कदंब राजांचे लेख अजून जुन्या नियतकालिकांच्या छापील पानांत विखुरलेले आहेत. ते यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात आणणं हे आपलं पहिलं काम.

त्यासाठी एपिडॉक नावाची खुणांची पद्धत आहे. स्पष्ट दिसणारं अक्षर, संशयित अक्षर, संपादकाने स्वतः भरलेलं अक्षर आणि पुरतं गेलेलं अक्षर यांना वेगवेगळ्या खुणा असतात. या खुणा गाळून नुसता ‘स्वच्छ’ पाठ टाईप केला तर संपादकाचा अंदाज आणि राजाचं शासन यांतला फरक पुसला जातो.

जळालेली गुंडाळी न उघडता वाचली म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात इटलीतल्या हर्क्युलेनियममधले पपायरसचे गुंडाळे कोळसा झाले. हात लावला तर भुगा होतो. केंटकी विद्यापीठातले ब्रेंट सील्स यांनी क्ष-किरण स्कॅनमधून थर वेगळे करून गुंडाळी संगणकावर ‘उलगडण्याची’ पद्धत विकसित केली. कोळशावर कोळशाची शाई, म्हणून अक्षरं दिसत नव्हती. शाईने पृष्ठभागावर सोडलेली सूक्ष्म खूण ओळखायला यंत्राला शिकवण्यात आलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये पहिला पूर्ण शब्द जाहीर झाला: ‘जांभळा’ या अर्थाचा ग्रीक शब्द. तो शोधणारा मुलगा कॉलेजात शिकत होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिघा तरुणांना सलग मजकूर वाचल्याबद्दल सात लाख डॉलरचं बक्षीस मिळालं.

सिंधू लिपी संगणकाने वाचली का?

वाचलेली नाही. इरावतम् महादेवन यांनी १९७७ मध्ये संगणकाच्या मदतीने तयार केलेली सूची आजही कामाची आहे. तीत ४१७ चिन्हं आहेत. २००९ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या संशोधकांचा सहभाग असलेल्या गटाने दाखवलं की चिन्हांच्या क्रमातली शिस्त भाषेतल्या शिस्तीशी जुळती आहे. त्यावर भाषाशास्त्रज्ञांनी कडक आक्षेप घेतले, वाद चालू आहे. अडचण सरळ आहे: लेख सरासरी पाच चिन्हांचे, आणि एकच मजकूर दोन भाषांत दिलेला एकही लेख हाती नाही. तमिळनाडू सरकारने जानेवारी २०२५ मध्ये उलगड्यासाठी दहा लाख डॉलरचं बक्षीस जाहीर केलं, तेव्हापासून ‘मी वाचली’ असे निरोप मलाही येतात. अशा प्रत्येकाला एकच विचारा: तुमच्या किल्लीने आधी न पाहिलेला लेख वाचता येतो का?

संस्कृत ग्रंथांवर काय काम करता येतं?

भरपूर. ऑलिव्हर हेलविग यांचा संस्कृतचा डिजिटल संग्रह, जर्मनीतल्या गटिंगेनचा ग्रेटिल हा ई-ग्रंथांचा संग्रह, आणि भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात १,२५९ हस्तलिखितं ताडून सिद्ध केलेल्या महाभारताचा ई-पाठ सहज मिळतो. पण इंग्रजीसारखे शब्द मोजायला गेलात तर पहिल्याच ओळीत अडाल, कारण संधी आणि जोडून लिहिलेली पदं. ‘नतेन’ हे एक पद (‘वाकलेल्याने’) की ‘न तेन’ अशी दोन? संदर्भाशिवाय ठरत नाही, आणि चुकीच्या बाजूला पडलं तर नकाराचा होकार होतो. म्हणून आधी पदं फोडावी लागतात आणि फोडलेली पदं माणसाने तपासावी लागतात.

लेखकाची शैली ओळखायला युरोपात छोट्या, नकळत वापरल्या जाणाऱ्या शब्दांची मोजणी करतात. संस्कृत पद्यात च, तु, हि, वै हे शब्द पुष्कळदा छंद भरायला येतात. तेव्हा अनुष्टुभातला लेखक शार्दूलविक्रीडितातल्या लेखकाशी ताडला तर मोजला जातो छंद, लेखक नव्हे. तुलना करायचीच तर एकाच छंदातली करा.

उपग्रहावरून गोव्यातलं प्राचीन चंद्रपूर किंवा गोपकपट्टण सापडेल का?

दोन्ही जागा माहीत आहेत. चंद्रपूर म्हणजे कुशावतीकाठचं चांदर. इतिहासकार फादर हेरास यांनी तिथे १९२९ च्या सुमारास उत्खनन केलं. गोपकपट्टण हे कदंबांचं बंदर जुवारीच्या काठी. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या सागरी पुरातत्त्व विभागाने तिथल्या जांभ्या दगडातल्या धक्क्याच्या अवशेषांचा अभ्यास केला आहे. प्रश्न उरतो तो त्या काळी पाणी कुठपर्यंत होतं, शेती कुठे होती, वाट कुठून जायची.

इथे गोव्याची जमीन फसवते. आज भाताचं शेत दिसतं तिथे पूर्वी भरतीचं पाणी असू शकतं. बांध घालून, मानशी (भरतीचं पाणी अडवणारी दारं) बसवून खाजन जमिनी, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतं, मिळवण्याचं काम फार जुनं. बांदोड्याला सापडलेल्या कोकण मौर्य राजा अनिर्जितवर्म्याच्या ताम्रपटातही खाजन जमीन आहे. म्हणून आजचा किनारा धरून प्राचीन बंदराचा नकाशा काढू नका. जमिनीच्या उंचीचं मॉडेल क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्या, बांधांच्या रेघा आखा, सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीज फोरालांतल्या, म्हणजे जमिनींच्या सरकारी नोंदवह्यांतल्या, देवळांच्या जमिनी शक्य तिथे नकाशावर बसवा, मग बोला.

आणखी एक खजिना अमेरिकेच्या कोरोना हेरगिरी उपग्रहांचा. १९६० ते १९७२ मधली ही छायाचित्रं १९९५ मध्ये खुली झाली आणि पश्चिम आशियातल्या कित्येक प्राचीन वसाहती त्यांतून ओळखल्या गेल्या. सांगे-सत्तरीत खाणींनी डोंगरच्या डोंगर हलवले. ज्या भागाचं जुनं स्वच्छ चित्र मिळेल, तिथे खाणीपूर्वीची जमीन पाहता येईल.

लायडार, म्हणजे विमानातून लेझरचे ठोके टाकून पानांच्या फटींतून जमिनीचा आकार टिपणं, याने ग्वाटेमालाच्या जंगलात साठ हजारांहून जास्त माया बांधकामं उघडी झाली. ती बातमी २०१८ ची. आपल्या सह्याद्रीच्या रानालाही ते करण्याजोगं आहे. खर्च मात्र व्यक्तीच्या आवाक्यातला नाही.

ड्रोन उडवू का?

डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-नकाशावर आधी जागा तपासा. दाबोळी आणि मोपा या दोन विमानतळांमुळे गोव्याचा मोठा भाग निर्बंधात येतो. संरक्षित स्मारकावर पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी वेगळी.

एकाच जागेची इतकी नावं, नोंद कोणत्या नावाने करू?

पणसायमळ, पणसाईमळ, फणसामळ, उसगाळीमळ. संगणकाला या चार जागा वाटतात. चांदर, चंद्रपूर आणि शिरोड्याच्या ताम्रपटातला चंद्रौर यांचंही तेच. उपाय असा: प्रत्येक जागेला एक क्रमांक द्या आणि सगळी नावं, प्रत्येक कुठे आढळलं त्यासह, त्या क्रमांकाखाली लिहा. भूमध्य जगासाठी ‘प्लीयाडीस’ हा नावकोश याच पद्धतीने चालतो. तक्त्यात ‘कोणी सांगितलं’ हा रकाना ठेवाच. गुरं घेऊन फिरणाऱ्या धनगराने जागा दाखवली असेल तर, त्याची संमती घेऊन, ते श्रेय त्याच्या नावावर असू द्या.

नेमकं स्थान नेटवर टाकू का?

संरक्षण नसलेल्या जागेचं नको. गुप्तधनाच्या नादाने खणणारे लोक आहेत. नकाशात फक्त गावाचं नाव ठेवा, अचूक अक्षांश-रेखांश पुरातत्त्व खात्याला द्या.

आमच्या घरात जुना ताम्रपट आहे. घासून फोटो काढू?

कृपा करून घासू नका. चिंच, सोलं, पितांबरी यातलं काहीही लावू नका. हिरवा थर गेला तर उथळ अक्षरंही त्याच्याबरोबर जातात. मऊ कापडात गुंडाळा, दोन्ही बाजूंचे तिरक्या उजेडातले फोटो घ्या, कडी आणि मुद्रा असेल तर तिचेही. कोणाच्या पूर्वजाला कधी मिळाला ही घरातली आठवण लगेच लिहून काढा. पुरावस्तूंचा कायदा १९७२ चा आहे. नोंदणीबद्दल खात्यात विचारा.

हे शिकायचं तर सुरुवात कुठून?

एक लिपी, एक भाषा, एक साधन. ब्राह्मी किंवा हळेकन्नड. संस्कृत, कन्नड किंवा पोर्तुगीज. क्यूजीआयएस किंवा पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा. गोव्याच्या मुलांना मराठी, कोकणी आणि घरच्या म्हाताऱ्यांची थोडी पोर्तुगीज हा ठेवा जन्मतः मिळतो. पुरातत्त्वाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी पुण्याचं डेक्कन कॉलेज जवळचं. कोड येतो पण लिपी येत नाही अशांनी आणि त्याउलट असलेल्यांनी जोडी जमवावी. अशा जोड्यांचं काम मी सर्वांत वेगाने पुढे जाताना पाहिलं आहे.

कोणता लॅपटॉप, कोणतं सॉफ्टवेअर?

सोळा जीबी मेमरी असली की सुरुवातीला पुरे. फोटोग्रामेट्रीला मेशरूम, मॉडेल तपासायला मेशलॅब, नकाशाला क्यूजीआयएस. तिन्ही मोफत. मेशरूमला एनव्हिडियाचं ग्राफिक कार्ड असेल तर बरं.

काम झाल्यावर फाईली कुठे ठेवायच्या?

मूळ फोटो कधीही पुसू नका, मॉडेल पुन्हा करता येतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेले फोटो मूळ समजू नका, त्यांचा आकार घटतो आणि आतली माहिती निघून जाते. तीन प्रती ठेवा, त्यांतली एक गोव्याबाहेर. हार्ड डिस्क इथल्या दमट हवेत सिलिका जेल घालून बंद डब्यात. तक्ते साध्या सीएसव्ही फाईलीत, म्हणजे कोणत्याही प्रोग्राममध्ये उघडणाऱ्या स्वल्पविरामांनी तोडलेल्या मजकुरात. प्रत्येक फोल्डरमध्ये एक साधी मजकूर फाईल हवी: जागेचा क्रमांक, तारीख, कॅमेरा, मोजपट्टीची लांबी, कोण कोण हजर होतं, आणि त्या दिवशी कातळ कोरडा होता की दमट.